हिरव्या पाण्यातला कॅमेरा

मालवणला स्कूबा करून आलेली मंडळी मोबाइल पुढे करतात आणि बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, "प्रत्यक्षात फार सुंदर होतं हो, फोटोत काहीच आलं नाही." फोटोत हिरवट धुकं असतं, त्यात मधोमध एक करडा ठिपका आणि सगळीकडे पांढरे कण. तो ठिपका म्हणजे डोळ्यांसमोरून गेलेला चांगला दोन किलोचा गोब्रा असतो. दोष कॅमेऱ्याचा असेल असं समजून काही जण पुढच्या वर्षी महागडा कॅमेरा घेतात आणि त्यातही तेच धुकं घेऊन परत येतात.

दोष कॅमेऱ्याचा नसतो. आपल्यात आणि माशात जे पाणी असतं, त्याचा हिशेब कुणी शिकवलेला नसतो, एवढंच. तो हिशेब जमला की साध्या कॅमेऱ्यातूनही भिंतीवर लावावा असा फोटो निघतो. मी इथे मुख्यतः आपल्या कोकणच्या पाण्याबद्दल लिहितो आहे. अंदमानला किंवा लक्षद्वीपला पाणी नितळ असतं, तिथे बऱ्याच चुका खपून जातात. मालवण, तारकर्ली किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडपाशी चांगल्या दिवशी पाच-सात मीटरपर्यंत दिसतं, वाईट दिवशी स्वतःच्या हाताची बोटं दिसली तरी पुष्कळ. पण इथे फोटो काढायला शिकलेला माणूस कुठल्याही समुद्रात काढू शकतो, म्हणून या पाण्याला कमी लेखू नका.

पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट आहे आणि ते प्रकाश गिळतं. सूर्यप्रकाशातला लाल रंग पहिल्या पाच-सहा मीटरांतच जवळजवळ संपतो. त्याच्या मागोमाग नारिंगी जातो, मग पिवळा. दहा मीटर खाली तांबोशी तपकिरी-करडी दिसते. बाजारात टोपलीत जिचा लालभडकपणा लांबून ओळखू येतो, तीच ही मासळी! नवशिक्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी, की हा हिशेब फक्त खोलीचा नसतो. पृष्ठभागापासून माशापर्यंत आणि माशापासून लेन्सपर्यंत, असा प्रकाशाचा सगळा प्रवास मोजायचा असतो. पाच मीटर खोलीवर तुम्ही माशापासून दोन मीटर लांब असाल, तर तो प्रकाश सात मीटर पाण्यातून आलेला असतो. फ्लॅश वापरलात तरी तो दोन मीटर जातो आणि दोन मीटर परत येतो, म्हणजे चार मीटर.

म्हणून पहिला नियम, आणि माझ्या मते निम्मी विद्या: पाणी कमी करा. विषय हाताच्या अंतरावर असू द्या. मोठा असेल, उदाहरणार्थ प्रवाळाचा मोठा गोळा किंवा सोबतचा डायव्हर, तर फार तर एक मीटर. झूमला हातही लावू नका, कारण झूम केल्याने मधलं पाणी तसंच राहतं. पाण्याखाली वाइड-अँगल लेन्स वापरतात ती याचसाठी. तिच्यात जास्त जागा मावते हे खरं, पण तिचा खरा उपयोग असा की मोठा विषयही अगदी जवळून टिपता येतो.

अंतर डोळ्यांवर विसंबून ठरवू नका. मास्कच्या सपाट काचेतून पाहताना प्रकाश वाकतो आणि प्रत्येक वस्तू असते त्यापेक्षा सुमारे पाव हिश्शाने जवळ दिसते. एक मीटरवरचा मासा पाऊण मीटरवर वाटतो. म्हणून तुम्हाला "पुरेसा जवळ आलो" असं वाटेल, तेव्हा आणखी थोडं पुढे सरका. कॅमेऱ्यासमोरची काच सपाट असेल तर तिथेही हेच होतं, लेन्सचा कोन अरुंद होतो. त्यावर उपाय म्हणून घुमटाकार काच, म्हणजे डोम पोर्ट वापरतात. तिने कोन पूर्ववत होतो, मात्र लेन्सला अगदी जवळचं फोकस करता आलं पाहिजे. लांबचं दृश्यही घुमटातून तिला हातभर अंतरावर असल्यासारखं दिसतं.

आता वेळेबद्दल. याचं ज्ञान कॅमेऱ्याच्या पुस्तकात मिळत नाही, ते आपल्या मच्छीमारांकडे आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी जोरात चढतं-उतरतं आणि तळाचा गाळ उठवतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. चढउतार कमी, ओढ कमी, म्हणून गाळ खाली बसलेला असतो. भरती-ओहोटी तिथीच्या थोडी मागून चालते, त्यामुळे अष्टमी, नवमी, दशमी हे दिवस मी धरतो. त्यातही भरती पूर्ण होत आली की समुद्राकडचं स्वच्छ पाणी किनाऱ्याशी आलेलं असतं. तो तासाभराचा वेळ सगळ्यात चांगला. वाऱ्याचाही विचार करा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, पाणी शांत असतं. दुपारनंतर खारा वारा सुटला की लाटा उठतात आणि उथळ पाण्यात सगळं ढवळून निघतं. म्हणून बोट सकाळीच सुटली पाहिजे. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर डायव्हिंग बंदच असतं, आणि ऑक्टोबरात नद्यांनी आणलेला गाळ अजून पाण्यात असतो. नोव्हेंबरपासून पुढे जा.

कॅमेऱ्याआधी मात्र शरीर तयार करावं लागतं. प्रशिक्षक सिलिंडर धरून तुम्हाला फिरवून आणतो त्या पहिल्या अनुभवात कॅमेरा नेऊ नका. तो वेळ नुसता बघण्यासाठी ठेवा. मग आवड लागली तर रीतसर ओपन वॉटरचा कोर्स करा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, शिवाय किनाऱ्यावर आणि पुण्या-मुंबईतही प्रशिक्षक आहेत. या कोर्सनंतर १८ मीटरपर्यंत जाता येतं. फोटोसाठी त्याची गरजही नाही, कोकणातलं माझं बहुतेक काम पाच ते दहा मीटरांत झालं आहे.

कोर्सनंतर निदान वीस डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय करा, असं मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेकांना ते जाचक वाटतं. कारण ऐका. फोटोसाठी पाण्यात अधांतरी, न हलता राहता आलं पाहिजे. श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली, आणि या दोन्हींच्या मध्ये तोल. हा तोल नसला की माणूस हात मारतो, पायातले फिन्स तळाला लागतात, वाळू उठते आणि तुमचा फोटो तर जातोच, पण शंभर वर्षांत वाढलेला प्रवाळही एका लाथेने मोडू शकतो. दुसरं कारण सुरक्षिततेचं. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की माणूस हवा किती उरली हे विसरतो, सोबती कुठे आहे हे विसरतो. दर काही फोटोंनंतर हवेचं मीटर बघायची सवय हाडीमाशी मुरल्याशिवाय कॅमेरा हातात घेऊ नका. कॅमेरा हातात असताना श्वास रोखायचा मोह होतो, तो स्कूबामध्ये कधीही करायचा नाही. वर येताना रोखलेला श्वास फुप्फुसं फाडू शकतो.

उपकरणांविषयी थोडक्यात. सुरुवातीला ऑलिंपस टीजी मालिकेतला छोटा कॅमेरा पुष्कळ झाला. तो कुठल्याही पेटीशिवाय १५ मीटरपर्यंत चालतो आणि लेन्ससमोर एक सेंटिमीटरवरचा जीव टिपतो. गोप्रो १० मीटरपर्यंत चालतो, व्हिडिओसाठी आणि वाइड दृश्यासाठी उत्तम, पण बारीक जिवांसाठी कुचकामी. मोबाइल "वॉटरप्रूफ" आहे म्हणून समुद्रात नेऊ नका. ती कसोटी गोड्या पाण्यातल्या अपघाताची असते, खाऱ्या पाण्यातल्या डाइव्हची नव्हे. डीएसएलआर किंवा मिररलेस असेल तर त्याची हाउसिंग, म्हणजे पाणी आत न येऊ देणारी पेटी, कॅमेऱ्याइतकी किंवा जास्तच महाग पडते, म्हणून घाई नको.

हाउसिंग वापरणाऱ्यांनी ओ-रिंगला, म्हणजे झाकणाच्या खाचेतल्या रबरी कड्याला, जीव लावावा. माझी पहिली हाउसिंग एका केसाने बुडाली. बोट डुलत होती, वारा होता आणि मी तिथेच बॅटरी बदलून झाकण लावलं. सहा मीटरवर गेल्यावर काचेच्या आत एक थेंब घरंगळताना दिसला, मग दुसरा. वर येईपर्यंत कॅमेरा संपला होता. नंतर उघडून पाहिलं तर ओ-रिंगवर आडवा पडलेला, दोन इंचांचा, माझ्याच डोक्यावरचा एक केस. तेव्हापासून मी हाउसिंग आदल्या रात्री बंद खोलीत, पंखा बंद करून लावतो. एसी असेल तर तो चालू ठेवतो, कारण दमट हवा आत कोंडली गेली की थंड पाण्यात काचेवर आतून वाफ धरते. ओ-रिंग काढायची, बोटांमधून फिरवत चाचपायची, तिची खाच कोरड्या सुती फडक्याने पुसायची. सिलिकॉन ग्रीस अगदी पुसट लावायचं, रिंग सरकती राहावी एवढंच त्याचं काम असतं. गळती ते थांबवत नाही, उलट थापल्यास कचरा धरतं. नवी हाउसिंग पहिल्यांदा रिकामी खाली न्या, आत टिश्यूपेपर ठेवून. कागद कोरडा परत आला तरच कॅमेरा घाला. समुद्रातून आल्यावर अर्धा तास गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा आणि पाण्यातच प्रत्येक बटण दाबून घ्या, म्हणजे आतलं मीठ सुटेल.

रंग परत कसा आणायचा, हा प्रश्न पाण्याखालच्या छायाचित्रणाइतकाच जुना आहे. लुई बुताँ या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये बान्यूल्स-सुर-मेर इथे समुद्रात कॅमेरा उतरवला, तेव्हा एकेका फोटोसाठी काच अर्धा-अर्धा तास उघडी ठेवावी लागे. पुढे १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळच्या ड्राय टोर्टुगास बेटांपाशी जीवशास्त्रज्ञ विल्यम लाँगली आणि छायाचित्रकार चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रं काढली. रंगीत प्लेट फार मंद, सूर्याचा उजेड पुरेना, म्हणून त्यांनी तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवून वरून प्रकाश पाडला. ती छायाचित्रं 'नॅशनल जिओग्राफिक'च्या जानेवारी १९२७ च्या अंकात आली. आज ती भुकटी गेली, हातात मावेल एवढा स्ट्रोब, म्हणजे कॅमेऱ्याबाहेरचा फ्लॅश आला, पण तत्त्व तेच: लाल रंग हवा असेल तर प्रकाश आपण न्यायचा आणि अगदी जवळून टाकायचा.

स्ट्रोब लेन्सच्या शेजारी ठेवला की त्याच्या उजेडात मधल्या पाण्यातला प्रत्येक कण चमकतो. सुरुवातीला सांगितलेले पांढरे ठिपके ते हेच. स्ट्रोबचे हात बाजूला लांब पसरा, ते लेन्सच्या किंचित मागे घ्या आणि थोडे बाहेरच्या दिशेला वळवा. प्रकाशाच्या झोताची फक्त कड विषयावर पडली पाहिजे. असं केलं की लेन्स आणि विषय यांच्यामधलं पाणी अंधारात राहतं आणि कण दिसत नाहीत. कॅमेऱ्यातच असलेला फ्लॅश कोकणच्या पाण्यात बंद ठेवलेला बरा. त्याऐवजी बाहेरचा छोटा टॉर्च हाताने बाजूला धरा.

उजेडाचं गणित सोपं आहे, पण ते एकदा नीट समजून घ्या. मागचं पाणी किती उजळ किंवा गडद दिसेल हे शटर ठरवतं. पुढच्या विषयावर किती उजेड हे स्ट्रोबची ताकद आणि अॅपर्चर ठरवतात. शटर १/१२५, अॅपर्चर एफ ८, आयएसओ २०० वर सुरू करा. पाणी फिकट आलं तर शटर १/२०० करा, काळंशार आलं तर १/६० पर्यंत उतरा. विषय हलत असेल तर त्याला स्ट्रोबचा क्षणिक झोत गोठवून धरतो. बारीक जिवासाठी एफ १६ पर्यंत जा. स्ट्रोब नसेल तर सूर्याला पाठीशी घ्या, पाच-सहा मीटरच्या वरच राहा आणि पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स पुन्हा पुन्हा जुळवा, कारण दर दोन मीटरला तो बदलतो. फोटो रॉ फाइलमध्येच काढा.

सूर्याला समोर घेण्याचाही एक मार्ग आहे आणि गढूळ पाण्यात तो फार उपयोगी पडतो. विषयाच्या खाली जा आणि वर पाहून फोटो काढा. पाण्यातून वर पाहिलं की सगळं आकाश डोक्यावरच्या एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं. सुमारे ९७ अंशांचा हा कोन, त्याच्याबाहेर पृष्ठभाग आरशासारखा होतो. त्या खिडकीत बोटीचा तळ, मासे किंवा पोहणारा माणूस काळ्या आकृतीत टिपा. इथे रंग नाही, म्हणून रंग हरवण्याची भीतीही नाही. वरून खाली काढलेले फोटो बहुतेक वेळा फसतात, मासा दगडांच्या पार्श्वभूमीत विरून जातो.

हे सगळं एकत्र आलं की काय होतं, ते एका फोटोवरून सांगतो. मालवणजवळ सहा मीटरवर एका खडकात करंगळीएवढं भोक होतं आणि त्यात एक ब्लेनी राहत होता. बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा मासा. त्याचे डोळे डोक्याच्या वर आणि त्यांच्यावर रोपट्यासारखे फुटवे. मी जवळ गेलो की तो आत. मी खडकापासून वीतभर अंतरावर, वाळूत एका बोटाचं टोक टेकवून थांबलो. पहिली चार-पाच मिनिटं भोक नुसतं काळं. मग दोन डोळे आले, माझा बुडबुडा फुटला, ते गेले. मी श्वास लांब आणि सावकाश केला, सोडताना तोंड बाजूला वळवू लागलो. दहाव्या मिनिटाला तो गळ्यापर्यंत बाहेर येऊन बसला आणि खडकावरची शेवाळी टिपू लागला. टिपायचा, परत भोकात, पुन्हा बाहेर. आता त्याची लय माझ्या लक्षात आली होती. बाहेर आला की एक क्षण तो डावीकडे वळून बघायचा. त्या वळण्यावर मी तीन फोटो काढले. पहिल्या दोहोंत डोळ्याला फोकस नाही. तिसऱ्यात डोळ्याभोवतीचं लालसर कडं, तोंडाच्या कोपऱ्यात अडकलेला शेवाळाचा धागा आणि मागे पाण्याचा गडद हिरवा, असं सगळं आलं. त्या दिवशी पाण्यात चार मीटरपलीकडचं दिसत नव्हतं. फोटोत ते कुणालाही कळत नाही, कारण माझ्यात आणि त्याच्यात पाणी होतं फक्त वीतभर.

त्या तिसऱ्या फोटोमुळे मी या कामाला कला म्हणतो. रंगीत मासा फोटोत आला एवढ्याने ती होत नाही. एखादा जीव घरात कसा बसतो, कुठे बघतो, कशाला घाबरतो हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. पाणी स्वतःही विषय होऊ शकतं. आंद्रे केर्तेस हा हंगेरियन छायाचित्रकार १९१७ मध्ये एस्तरगोमला युद्धातल्या जखमेतून बरा होत होता. तिथल्या तलावात पोहणाऱ्या माणसाचा फोटो त्याने पाण्याबाहेरून, वरून काढला. पाण्याने वाकवलेलं शरीर आणि त्यावर उजेडाच्या रेघा, बस्स एवढंच. टोनी फ्रिसेलने १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या वीकी वाची झऱ्यात लांब पांढऱ्या पोशाखातल्या स्त्रीला पाण्याखालून टिपलं, तिचं डोकं पृष्ठभागाच्या वर आणि म्हणून फोटोत नाहीच. या दोन्ही छायाचित्रांत एकही मासा नाही.

म्हणून समुद्र लांब असेल तरी थांबू नका. आपल्याकडे गावोगाव पोहायच्या विहिरी आहेत. हिवाळ्यात त्यांचं पाणी नितळ असतं आणि दुपारी बाराच्या सुमारास सूर्याचा झोत थेट तळाकडे उतरतो. काळा कातळ, पायऱ्या, वरून उडी मारणारी पोरं आणि उडीबरोबर खाली येणारा बुडबुड्यांचा खांब. एवढा देखणा स्टुडिओ पैसे देऊन मिळणार नाही. विहिरीत एकट्याने उतरायचं नाही, काठावर पट्टीचा पोहणारा आणि दोर हवाच. तेही जमत नसेल तर तरणतलावात सराव करा. तळाला नाणं ठेवा आणि न हलता, तळाला न शिवता त्याचा रेखीव फोटो येईपर्यंत तोल साधा.

काही गोष्टी मात्र अजिबात करायच्या नाहीत. फोटोसाठी कुठलाही जीव उचलून "चांगल्या जागी" ठेवायचा नाही, काडीने डिवचायचा नाही. फुगवलेला पफर किंवा शाई सोडणारा ऑक्टोपस यांच्या फोटोत मला फक्त त्यांचा छळ दिसतो. काही ठिकाणी पाव-बिस्किटं टाकून मासे गोळा करतात, त्याला नकार द्या. तो घोळका मासा कसा जगतो हे दाखवत नाही आणि पाव त्याचं अन्नही नाही. प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, मोडलेला तुकडाही आठवण म्हणून वर आणायचा नाही.

आणि घरी आल्यावर संगणकावर एक मोह आवरा. हल्ली एका बटणात मालवणचं पाणी अंदमानसारखं निळं करता येतं. ते करू नका. आपलं पाणी हिरवं आहे, कारण त्यात सूक्ष्म वनस्पती भरून आहेत. आपला बांगडा आणि आपली तारली याच जिवंत पाण्यावर पोसतात. विषयाचे रंग खरे करा, कण एखाद-दुसरा पुसा, पण मागचा हिरवा राहू द्या. त्या हिरव्यावरून फोटो कुठला आहे हे मालवणचा माणूस ओळखेल.

तेव्हा यंदाच्या पंचांगात नोव्हेंबरातली अष्टमी बघा, बोटवाल्याला सकाळी लवकरची वेळ सांगा आणि आदल्या रात्री पंखा बंद करून ओ-रिंग तपासा.